आईसाठी घरी मदतनीस ठेवायची आहे: किती तासांची, कुणामार्फत आणि पैशांचं कसं बसवायचं?

ओसरी:

नमस्कार मंडळी. अर्धवट माहिती दिली तर उत्तरंही अर्धवट मिळतील, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आई ७८ वर्षांची. बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालते, पण पलंगावरून उठताना कुणीतरी हाताशी लागतंच. विसरणं आधीपासून थोडं होतं, ऑपरेशननंतर ते एकदम वाढलंय. सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला अकरा वाजता आठवत नाही. कधी घेतलेली गोळी परत घेते. बाबा ८३. स्वतःचं स्वतः करतात, पण ऐकू कमी येतं. रात्री कानातलं मशीन काढून झोपतात, त्यामुळे आईने हाक मारली तरी त्यांना पत्ता लागत नाही. मी त्यांच्याबरोबरच राहते. नोकरी आहे, सकाळी साडेआठला घर सोडते ते संध्याकाळी सातला परत. दादा-वहिनी परदेशात.

दादा म्हणतो, सरळ चोवीस तासांची बाई ठेव, मी पैसे पाठवतो. पण दर महिन्याला किती आणि किती वर्षं, हे त्यालाही माहीत नाही नि मलाही. एका ब्युरोने सांगितलं, आम्ही चोवीस तासांचीच देतो. दुसऱ्याने सांगितलं, अशा पेशंटला नर्सच हवी, आणि तिचा दर जवळजवळ दुप्पट. ओळखीतल्या एकांनी त्यांच्याकडे आधी काम केलेल्या बाई सुचवल्या आहेत. त्या ब्युरोपेक्षा कमी पैशांत यायला तयार आहेत. विमा कंपनीने हॉस्पिटलचं बिल दिलं, पण घरच्या मदतनिसाचे पैसे मिळणार नाहीत म्हणून कळवलं.

वर बाबांचं एकच पालुपद: 'घरात परकं माणूस नको.'

ज्यांनी हे निभावलंय त्यांनी सांगा. सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी:

ताई, मी नर्स आहे. हॉस्पिटलात काम केलं, मग घरोघरी जाऊन पेशंट बघितले, आणि आता घरी सासूबाईंचं करते. तुमचा मेसेज वाचून राहवलं नाही.

मदतनिसाच्या आधी एक गोष्ट. ऑपरेशननंतर विसरणं 'एकदम' वाढलंय असं तुम्ही लिहिलंय. त्यातला 'एकदम' मला महत्त्वाचा वाटतो. म्हातारपणी खुब्याच्या ऑपरेशननंतर डोक्यात गोंधळ होणं अगदी नेहमीचं आहे. त्यामागे लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, दुखणं, झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या, साफ न होणारं पोट अशी बरी होण्याजोगी कारणं असू शकतात. 'वयच झालंय' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की हा गोंधळ तात्पुरता आहे का, आणि तपासण्या करून घ्या. काही आठवड्यांची सोय करायची आणि काही वर्षांची, यात पैशांचं सगळं गणित बदलतं.

आता मदतीबद्दल. दर विचारण्याआधी एक वही घ्या आणि आठवडाभर लिहा: आईला कुणाचा हात लागला ते किती वाजता, कशासाठी आणि किती वेळ. 'आईला मदत लागते' एवढ्यावर ब्युरोला फोन केला की ते त्यांच्याकडे जे आहे तेच देणार. एकाकडे चोवीस तासवाल्या बायका आहेत, दुसऱ्याकडे नर्स आहेत. तुम्हाला काय हवंय ते तुमच्या वहीतून ठरायला हवं.

वहीत काय बघायचं याची चौकट जुनीच आहे. कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये शरीराची सहा कामं मांडली: अंघोळ, कपडे, संडास-बाथरूमला जाणं, उठबस, लघवी-संडासवरचा ताबा आणि हाताने जेवणं. यातलं कुठलं एकटीला जमतं, कुठल्याला हात लागतो, कुठलं दुसऱ्यानेच करावं लागतं, एवढं लिहायचं. लॉटन आणि ब्रोडी यांनी १९६९ मध्ये दुसरी यादी केली. तीत फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार आहेत. पहिल्या यादीत अडतं तिथे अंगाला हात लावून मदत करणारं माणूस लागतं. दुसऱ्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी घरातली माणसं थोडी व्यवस्था लावून निभावू शकतात.

तुमच्या वर्णनावरून आईंना उठबस, अंघोळ आणि बाथरूम यांत मदत हवी आहे आणि औषधांवर लक्ष हवंय. यातलं एकही काम पूर्ण वेळ नर्सचं नाही. इंजेक्शन, सलाइन, लघवीची नळी बदलणं, नाकातून घातलेल्या नळीचं जेवण, खोल जखमेचं ड्रेसिंग, सक्शन म्हणजे घशातला कफ मशीनने ओढून काढणं, हे नर्सचं काम. तसं काही असेल तर त्या वेळेपुरती नर्स घरी बोलवा आणि दिवसभराला शिकलेली मदतनीस ठेवा. नर्सचे पैसे देऊन तिला नुसतं बसवून ठेवण्यात तुमचंही नुकसान आणि तिचंही.

गोळ्यांचं असं करा. आठवड्याच्या गोळ्या रविवारी तुम्ही स्वतः खणांच्या डबीत भरायच्या. डबी आईंच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. मदतनिसाने त्या-त्या वेळचा खण उघडायचा, गोळी समोर घ्यायला लावायची आणि वहीत टिक करायची. कुठली गोळी द्यायची हे तिने ठरवायचं नाही. मूळ पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका जागी ठेवा.

किती तास, हा तुमचा खरा प्रश्न. दिवस लांब असला तरी धोका त्यात सारखा पसरलेला नसतो. झोपेतून उठल्या-उठल्या, अंघोळीच्या वेळी आणि रात्री बाथरूमला जाताना माणसं जास्त पडतात. तुमच्या घरी मला सर्वांत जास्त काळजी रात्रीची वाटते. आई उठणार, वॉकर घ्यायचं विसरणार, हाक मारली तर बाबांना ऐकू जाणार नाही आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपलेल्या. तरीही रात्रीला लगेच माणूस ठेवा असं मी म्हणणार नाही. आधी पलंगाची उंची बघा: कडेला बसल्यावर आईंची पावलं जमिनीला पूर्ण टेकायला हवीत आणि गुडघे काटकोनात यायला हवेत. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. वाटेवर मंद दिवा लावा, पायपुसणी आणि वायरी उचला. आईंच्या हाताशी बिनतारी घंटीचं बटण, आणि घंटी तुमच्या खोलीत. त्या बटण दाबायचं विसरतील हे गृहीत धरून पलंगावरून उठल्या की वाजणारी पट्टी मिळते का तेही बघा. लघवीची गोळी संध्याकाळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, झोपेची गोळी खरंच हवी का, हे डॉक्टरांना विचारा. आणि आडवं असताना एकदा, उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत एकदा, असा रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर उठताना चक्कर येण्याचं कारण तिथे सापडू शकतं.

एवढं करूनही तुमची झोप रोज मोडत असेल तर रात्रीचं माणूस ठेवा. तसं ठेवण्यात काही गैर नाही, तुम्ही आजारी पडलात तर सगळंच कोसळेल. पण 'चोवीस तासांची' म्हणजे काय ते दादांना नीट समजावून सांगा. एकच बाई चोवीस तास जागी राहू शकत नाही. रात्री तीन-चारदा उठवलेली बाई सकाळी आईंना अंघोळीला नेते, तेव्हा दोघी मिळून पडायची भीती असते. घरी राहणारी मदतनीस चालते ती रात्र बहुतेक शांत असेल तेव्हाच, आणि दिवसात तिला सलग विश्रांती मिळत असेल तर. रात्र जागती असेल तर बारा-बारा तासांच्या दोघी लागतात. घरकामगारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या करारात आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी धरलेली आहे. तुमच्या सरकारने तो करार मानला असो वा नसो, तुम्ही पाळा. त्या सुट्टीच्या दिवशी आईंचं कोण बघणार हे पहिल्या दिवशीच ठरवून ठेवा.

तुम्ही दिवसभर बाहेर असता ते तास जाण्या-येण्यासकट अकराच्या घरात जातात. माझं मत: सध्या दिवसाची बारा तासांची एक मदतनीस, रात्रीला वरची व्यवस्था आणि तिची कसोटी काही आठवडे.

माणूस निवडताना मी एकच परीक्षा घेते. गप्पा बाजूला ठेवून म्हणायचं, 'यांना पलंगावरून खुर्चीत बसवून दाखवा.' मग गप्प बसून बघायचं. चांगली मदतनीस आधी पेशंटकडे बघून बोलते, 'आजी, आपण खुर्चीत बसू या.' मग खुर्ची पलंगाला लावून घेते, चांगल्या पायाच्या बाजूला. चाकं असतील तर ब्रेक लावते. पायांत काय घातलंय ते बघते. कडेला आणून बसवते आणि दोन क्षण थांबते, चक्कर येतेय का विचारते. पाय मागे घ्यायला लावते, पुढे झुकायला सांगते, कमरेला धरते आणि मग 'चला' म्हणते. जी काखेत हात घालून किंवा मनगटं ओढून उचलते ती कितीही गोड बोलली तरी आईंसाठी नको. ओढण्याने खांदा निखळतो, आणि उचलणारीची पाठही जाते. मात्र ती शिकायला तयार असेल तर फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून दोघींनाही शिकवून घ्या, हे पैसे अजिबात वाया जात नाहीत. सांधा बदललाय की हाड रॉड-स्क्रूने जोडलंय यावर वाकण्याचं आणि पाय टाकण्याचं पथ्य ठरतं. ते सर्जनकडून लिहून घ्या आणि भिंतीवर चिकटवा.

बाबांबद्दल दुसरं कुणी अनुभवाने सांगेल तर बरं.

जमाखर्च:

ओसरीताई, वरच्या नर्सताईंनी कामाचं सांगितलं, मी पैशांचं सांगतो. आम्ही तीन भावंडं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात सगळा हिशेब माझ्याकडे होता.

विमा कंपनी तुम्हाला मुद्दाम टाळत नाहीये. आरोग्य विमा सहसा उपचाराचे पैसे देतो. अंघोळ घालणं, भरवणं, सोबत बसणं हा त्यांच्या लेखी उपचार नाही. जगभर बहुतेक ठिकाणी अशीच विभागणी आहे. अमेरिकेतली ज्येष्ठांची सरकारी मेडिकेअर योजनाही नुसत्या दीर्घकाळच्या देखभालीचे पैसे देत नाही. ज्या देशांना हे पुरेसं वाटलं नाही त्यांनी देखभालीचा वेगळा सक्तीचा विमा काढला: जर्मनीत १९९५ पासून, जपानमध्ये २००० पासून. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. गरज पडली की तपासणी होते, देखभालीची पायरी ठरते आणि खर्चाचा साधारण दहावा हिस्सा कुटुंबाने द्यायचा, उत्पन्न जास्त असेल तर अधिक. जर्मनीत रोख रक्कम घेऊन घरच्याच माणसाने सेवा करण्याचीही सोय आहे. तुम्ही राहता तिथे असं काही असेल तर अर्जासोबत नर्सताईंनी सांगितलेली सहा कामांची वही जोडा. देखभालीच्या बऱ्याच पॉलिसींत 'सहापैकी दोन कामं स्वतः करता येत नाहीत' किंवा स्मृतिभ्रंशाचं निदान, अशी अट असते. तशी पॉलिसी आईंनी पूर्वी कधी घेतली होती का, जुनी कागदपत्रं एकदा चाळा. पैसे सुरू होण्याआधी किती दिवस स्वतः खर्च करायचा तेही त्यात लिहिलेलं असतं. हॉस्पिटलच्या विम्यात मात्र घरी आल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा नर्स, फिजिओ, औषधांचा खर्च कधी कधी बसतो. डॉक्टरांनी लेखी सल्ला दिलेला असेल तर तो दावा वेगळा करून बघा.

ब्युरो आणि ओळखीतल्या बाई यांची तुलना महिन्याच्या दरावर करू नका, वर्षाच्या खर्चावर करा. ब्युरोच्या दरात त्यांचा वाटा असतो. बाईच्या हातात किती पडतं ते सरळ विचारा. फार कमी पडत असेल तर ती टिकणार नाही आणि तुमच्या घरी दर थोड्या दिवसांनी नवा चेहरा येईल. विसरभोळ्या माणसाला तो फार जाच होतो. ब्युरोकडून लेखी घ्या: नोंदणी फी कोणती परत मिळते, बाई आली नाही तर बदली किती तासांत, तो दिवस पैशांतून कापणार की नाही, आई पुन्हा हॉस्पिटलात गेल्या तर त्या दिवसांचे पैसे कसे, बंद करायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. तीच बाई पुढे थेट ठेवली तर दंडाची अट असते, तीही वाचा.

थेट ठेवलेल्या बाई स्वस्त पडतात, कारण ब्युरो जे करतो ते तुम्हाला करावं लागतं. ओळखपत्र आणि पत्ता तपासणं, आधीच्या घरी स्वतः फोन करून 'काम का सुटलं' विचारणं, भरपगारी सुट्टी, वर्षाची वाढ, काम करताना तिला दुखापत झाली तर खर्च, तिच्या रजेला बदली. या सगळ्याला आकडे लावा. त्यावर डायपर, चादरीखालचे पॅड, हातमोजे, फिजिओ, डॉक्टरांच्या घरच्या फेऱ्या हे मिळवा. एवढं करूनही त्या बाई स्वस्त पडत असतील, आणि तुम्हाला विश्वास वाटत असेल, तर जरूर ठेवा. आमच्याकडे थेट ठेवलेले मदतनीस मामाच शेवटपर्यंत टिकले. पण बदलीसाठी एका ब्युरोत नाव नोंदवलेलं होतं.

पलंग, व्हीलचेअर लगेच विकत घेऊ नका. गरज दर थोड्या महिन्यांनी बदलते, भाड्याने मिळत असेल तर आधी भाड्यानेच घ्या.

पैसा कुठून हा अवघड विषय. आमच्या घरी क्रम असा ठरला होता: आधी वडिलांचं स्वतःचं उत्पन्न, पेन्शन आणि व्याज. मग त्यांच्या ठेवी. मग भावंडांचा वाटा. राहतं घर सर्वांत शेवटी. आईबाबांचे पैसे आईबाबांवरच खर्च करायला संकोच वाटतो, पण ते त्यांनी याच दिवसांसाठी साठवलेले असतात. दादांना 'लागतील तसे पाठव' असं सांगू नका. वेगळं खातं उघडा, ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम आणि तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक कायम. खर्चाचा तक्ता दोघांना दिसेल असा ठेवा. आणि ताई, तुमच्या रात्री आणि रविवार हाही वाटा आहे, तो त्या तक्त्यात लिहा. आमच्या धाकट्या बहिणीने नोकरीतली बढती सोडली होती. ती आम्ही कुठे मांडली नव्हती, म्हणून पुढे मनं दुखावली.

मदतनिसाचा पगार बँकेतून द्या, पावत्या ठेवा. करसवलत, दावा, भावंडांचा हिशेब, तिन्हीला त्याच लागतात.

एक काम मात्र याच महिन्यात उरका. आईंना आज व्यवहार समजतोय तोवर बँकेतलं वारस-नामांकन, संयुक्त खातं, इच्छापत्र, सह्यांचे अधिकार हे वकिलाला विचारून करून घ्या. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की अनेक देशांत ते निकामी होतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते. इच्छापत्रात आईंची इच्छाच यायला हवी. ती इच्छा सांगताना खोलीत वकील आणि त्या दोघंच असू द्या.

थोरला:

बाबांबद्दल लिहितो, कारण माझे वडीलही असेच होते.

'परकं माणूस नको' म्हणजे काय नको ते आधी शांतपणे विचारा. माझ्या वडिलांना मदत नको नव्हती. आईचं आजवर मी केलं, आता माझ्याकडून होत नाही असं सगळ्यांसमोर ठरतंय, हे त्यांना सहन होत नव्हतं. आम्ही त्यांना निवडीत घेतलं. दोन बायकांना घरी बोलावलं, प्रश्न त्यांनीच विचारले, पसंत त्यांनीच केली. पहिले काही दिवस दोन-तीन तासच ठेवलं, अंघोळ आणि चालवण्यापुरतं. मग तास वाढवले. 'तुमच्यासाठी' असं न म्हणता 'आईचा व्यायाम नीट व्हावा म्हणून' असं सांगितलं आणि ते खरंही होतं. बाबांशी बोलताना समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायचं हे मदतनिसाला सांगा. ऐकू येत नाही म्हणून माणूस तुसडा वाटतो आणि नाती तिथेच बिघडतात.

अजून एक. विसरणारं माणूस वस्तू स्वतः कुठेतरी ठेवतं आणि 'हिनेच घेतली' म्हणतं. हे त्या आजारात पुष्कळांना होतं. दागिने, रोख, चेकबुक मदतनीस यायच्या आधीच हलवा, आणि तसं केल्याचं बाबांना सांगून ठेवा. आई आरोप करू लागली तर तिच्याशी वाद घालू नका, 'चल, शोधू या' म्हणा. मदतनिसालाही आधीच कल्पना द्या. आमच्या घरच्या ताई पहिल्याच आरोपाला रडत निघाल्या होत्या. त्यांना आजार समजावून सांगितल्यावर मात्र आईचा चष्मा हरवला की त्याच हसत शोधायला लागायच्या.

मदतीची_ताई:

मी हेच काम करते. दुसऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बघते. माझं लिहिणं साधं आहे, सांभाळून घ्या.

आम्ही काम का सोडतो ते सांगते. पेशंट चिडतो म्हणून आम्ही सोडत नाही, त्याची सवय असते. सोडतो ते खरं न सांगितल्यामुळे. 'आजी चालतात' असं सांगून नेतात आणि आजी दोन्ही पायांनी उभ्याच राहत नाहीत. रात्री उठतात, मारतात, हे लपवतात. असं आधी सांगितलं तर आम्ही तयारीने येतो. दुसरं म्हणजे कामाची हद्द. पेशंटचं जेवण, पेशंटचे कपडे, पेशंटची खोली हे माझं. पाहुणे आले की सगळ्या घराचं माझ्यावर येतं, आणि त्या वेळी आजींना बाथरूमला लागलं तर मी दोन ठिकाणी कशी असेन? ते काम करायचं असेल तर आधी बोला, पैसे ठरवा. मी नाही म्हटलं तर तेही ऐकून घ्या.

मला झोपायला जागा कुठे, जेवण कधी, घरी फोन कधी करायचा, बाथरूम कोणतं, हे पहिल्या दिवशी दाखवा. पगाराची तारीख चुकवू नका. घरात कॅमेरा असेल तर सांगून लावा, अंघोळीच्या आणि कपडे बदलायच्या जागी नको. तो आजींच्याही लाजेचा प्रश्न आहे.

आणि ताई, संध्याकाळी आल्यावर पाच मिनिटं उभं राहून ऐका. आज किती जेवल्या, पोट झालं का, टाचेला किंवा माकडहाडाला लाली आहे का. बोटाने दाबून लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात असते. आम्हाला ते सगळ्यात आधी दिसतं, पण पुष्कळ घरांत आम्हाला कुणी विचारतच नाही.

ओसरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. लघवीत संसर्ग निघाला, सोडियमही कमी आहे. औषध सुरू झालंय. विसरणं त्याने किती कमी होईल ते सांगता येत नाही म्हणाले, पण मला एवढ्यानेही धीर आलाय. संध्याकाळची लघवीची गोळी त्यांनी सकाळी हलवली.

वही सुरू केलीय. पहिल्या दोन दिवसांतच दिसलं की आई रात्री एकदाच उठते, पहाटेच्या सुमारास. बाबा रविवारी त्या ओळखीतल्या बाईंना भेटायला तयार झालेत. प्रश्न मी विचारणार, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. दादाला खर्चाचा तक्ता पाठवलाय.

रात्रपाळीताई, एकच विचारते. त्या बाईंना हे काम येतं, पण शिक्षण किंवा सर्टिफिकेट काही नाही. चालेल का?

रात्रपाळी:

संसर्ग सापडला हे फार चांगलं झालं. औषधाचा कोर्स पूर्ण करा, आणि सोडियम पुन्हा कधी तपासायचं ती तारीख आजच विचारून घ्या.

सर्टिफिकेट नसलं तरी चालेल. आईंच्या आजच्या गरजेला अंगात मुरलेली सवय आणि शिकण्याची तयारी पुरेशी आहे. तिच्यावर इंजेक्शन, ड्रेसिंग असलं काही टाकू नका, म्हणजे झालं. खुर्चीत बसवण्याची परीक्षा बाबांसमोरच घ्या, आणि पहिले दोन-तीन दिवस रजा काढून स्वतः घरी थांबा. आईंना डॉक्टरांनी उभं राहायची मुभा कुठल्या पायावर किती दिलीय तो कागद त्या बाईंना वाचून दाखवा, पडल्यास कुणाला फोन करायचा ते नंबर मोठ्या अक्षरांत फोनजवळ लावा, आणि आई पडल्या तर लगेच ओढून उठवायचं नाही, आधी कुठे दुखतंय ते विचारायचं, हे तिच्याकडून एकदा म्हणवून घ्या. पहाटेच्या त्या एका वेळेला तुमच्या खोलीतली घंटी वाजते का, ते आज रात्रीच बघा.